घरांतील यंत्रें : फुरफुरणारा नळ

एका जिल्ह्याच्या गांवाहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे, तरी तें बहुतेक सगळें येथें देतों. कारण घरांत घडणाऱ्या गोष्टी क्रमवार कशा टिपाव्या याचा तो चांगला नमुना आहे. त्या लिहितात :

"आमचें कुटुंब एकत्र आहे, लहानमोठीं मिळून अकरा माणसें. मामंजींच्यानें आतां लांकडें फोडून बंब पेटविणें होत नाहीं, म्हणून दसऱ्याला वरच्या मजल्यावरील न्हाणीघरांत २५ लिटरचा विजेचा गीझर बसविला. गच्चीवर टांकी आहे. तिच्यांतून एकच नळ उतरतो. तो आधीं वरच्या न्हाणीघराला पाणी देतो व तसाच खालीं स्वयंपाकघराकडे आणि मागच्या अंगणांत जातो. पहिले दोन दिवस गरम पाण्याची तोटी उघडली कीं फुरफुर होई. ती आपोआप थांबली. मात्र गीझर तापत असतां त्याच्या बुडाशीं असलेल्या पितळी तुकड्यांतून थेंब थेंब पाणी गळे. ती टपटप सासूबाईंना खपेना. भाऊजींनीं गीझर बसविणाऱ्या माणसाला पुन्हा बोलाविलें. त्यानें तो तुकडा काढून टाकला व साधी नळी जोडून दिली. गळणें बंद झालें. पण चार दिवसांनीं नळ पुन्हा फुरफुरूं लागला, आणि आतां प्रकार पूर्वीपेक्षां वाईट आहे. रोज नाहीं, पण आठवड्यांतून तीनचारदां तरी आधीं भसाभस हवा येते, मग गरम पाण्याचे सपकारे उडतात, आणि नंतर कोठें धार लागते. परवां असाच एक सपकारा माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या हातावर उडाला. तेव्हांपासून तो न्हाणीघराच्या उंबऱ्याशींच रडूं लागतो. तो माणूस म्हणतो, नवीन आहे, हवा निघून जाईल. जाऊबाई म्हणतात, गीझरच वाईट निघाला. सासूबाई म्हणतात, बंब परत आणा. यांतलें खरें काय?"

या तिन्हींपैकीं एकहि मत आम्हांस मान्य नाहीं. खरें कारण पत्रांतच लिहिलेलें आहे, पण तें सांगण्यापूर्वीं एक भेद केला पाहिजे. पहिल्या दोन दिवसांची फुरफुर आणि आतांची फुरफुर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पावसांत भिजल्यानें आलेला खोकला आणि जुनाट खोकला ऐकावयास सारखेच लागतात, तसें हें आहे.

नवा गीझर भिंतीवर चढतो तेव्हां तो रिकामा, म्हणजे हवेनें भरलेला असतो; नळ्या कापून जोडल्यामुळें त्यांतहि हवा शिरलेली असते. गार पाणी गीझरच्या तळाशीं शिरतें. तापलेलें पाणी बाहेर नेणारी नळी मात्र आंतून थेट माथ्यापर्यंत गेलेली असते. गरम पाणी हलकें, तें वर राहतें, म्हणून ही योजना. पण पाण्याहून हलकी जी हवा तीहि माथ्याशींच जमते, आणि तोटी उघडतांच प्रथम तीच बाहेर पडते. ही हवा काढण्यास कौशल्य लागत नाहीं. विजेचें बटण बंद ठेवावें, गरम पाण्याची तोटी पूर्ण उघडावी आणि अखंड धार लागेपर्यंत तशीच वाहूं द्यावी. २५ लिटरचा गीझर भरावयालाच दीडएक बादली पाणी लागतें. तेव्हां आरंभीं कांहीं मिनिटें नुसती हवा आली तर घाबरूं नये. धार लागण्यापूर्वीं वीज मात्र सुरू करूं नये, कारण कॉईल पाण्यांत बुडालेली नसली तर ती जळून जाते. तोटीच्या तोंडाशीं बारीक जाळी असल्यास तीहि एकदां काढून धुवावी. आटे पाडतांना पडलेला कीस व सांध्याला गुंडाळलेल्या पट्टीचे तुकडे तेथें अडकतात आणि चांगली धारहि फुटकी करतात.

या हवेखेरीज आणखी एक हवा आहे, ती पाण्यांतच विरघळलेली असते. मासे तिच्यावरच जगतात. पाणी जितकें गार तितकी ही हवा त्यांत अधिक मावते. २० अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर पाण्यांत सुमारें १९ घनसेंटिमीटर हवा राहूं शकते. तेंच पाणी ६० अंशांपर्यंत तापविलें कीं सुमारें १२ घनसेंटिमीटर राहते. बाकीची बाहेर पडते. या हिशोबानें २५ लिटर पाणी तापलें म्हणजे फार तर चहाचा कपभर हवा सुटेल. तेव्हां सकाळीं पहिल्यांदा तोटी उघडतांना एखादा फुस्कारा आला तर तो रोग नव्हे, आणि थंडीच्या दिवसांत तो थोडा वाढला तर त्यांतहि नवल नाहीं. खात्री करावयाची असल्यास तें पाणी कांचेच्या पेल्यांत धरावें. तें दुधासारखें पांढरें दिसेल व पेल्याच्या तळाकडून वर असें निवळत जाईल. असें झालें म्हणजे ते हवेचे बारीक बुडबुडे होत. उलट, तळाशीं गाळ बसला तर गोष्ट वेगळी.

पण कपभर हवेनें मिनिटभर सपकारे उडत नाहींत, आणि ही हवा रोज सुटेल, आठवड्यांतून तीनचारदां नव्हे. तेव्हां या भगिनींच्या घरीं गीझरमध्यें हवा बाहेरून येत आहे, आणि ती येऊं लागली तो पितळी तुकडा काढल्यापासून. पत्रांतील दिवसांचा क्रम पाहिला म्हणजे दुसरा अर्थ निघतच नाहीं.

त्या तुकड्याला कारागीर सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. आपण झडप म्हणूं. दिसावयास तो अंगठ्याएवढा असला तरी त्याच्याकडे दोन कामें असतात. पहिलें काम एकाच दिशेनें उघडणाऱ्या दाराचें. टांकीकडून आलेलें पाणी गीझरमध्यें जाऊं द्यावयाचें, पण गीझरमधलें पाणी मागें येऊं द्यावयाचें नाहीं. दुसरें काम स्प्रिंगच्या दाराचें. आंतील दाब ठराविक मर्यादेपुढें गेला (पुष्कळ गीझरांवर ही मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोच्या आसपास असते) कीं हें दार किंचित् उघडतें आणि थोडें पाणी बाहेर सोडून दाब उतरवितें.

आतां ती टपटप. पाणी तापलें कीं फुगतें. २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापतांना त्याचें आकारमान शेंकडा सुमारें दीडनें वाढतें. पंचवीस लिटरांत ही वाढ जवळजवळ ३८० घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचे अडीच कप होते. हें वाढलेलें पाणी जाणार कोठें? तोट्या बंद आहेत, मागें जाण्याची वाट झडपेनें अडविली आहे, आणि पाणी दाबून लहान होत नाहीं. म्हणून तें स्प्रिंगच्या दारांतून थेंब थेंब बाहेर पडतें. सासूबाईंना जी टपटप खपली नाहीं ती झडप आपलें काम करीत असल्याची खूण होती! गीझर बंद व गार असतांहि रात्रंदिवस गळत असेल तर मात्र झडपेंत कचरा अडकला आहे किंवा ती झिजली आहे असें समजावें आणि नवी बसवावी. काढून टाकणें हा कोणत्याहि परिस्थितींत उपाय नव्हे.

ज्या माणसानें ती काढली त्याला आम्ही फार दोष देत नाहीं. गळणें थांबवा असें घरच्यांनीं सांगितलें, त्यानें तें थांबविलें. वैद्याला आपण लक्षणें सांगतों आणि औषध त्याच्यावर सोडतों. नळकाम करणाऱ्याला मात्र औषध आपणच सांगतों आणि पैसे देऊन मोकळे होतों.

झडप गेल्यावर काय होतें तें पाहूं. एकत्र कुटुंबाची सकाळ डोळ्यांपुढें आणावी. स्नानें चालू आहेत, खालीं भांडीं घासणें चालू आहे, अंगणांत कोणी बादली भरीत आहे, आणि गच्चीवरील टांकी तळाला लागली आहे. टांकींतून पाणी येईनासें झालें तरी उभ्या नळांतील पाणी खालच्या उघड्या तोटीकडे आपल्या भारानें उतरतच राहतें, आणि उतरतांना मागून ओढ लावतें. पूर्वीं ही ओढ झडपेशीं थांबत असे. आतां ती थेट गीझरच्या तळापर्यंत पोहोंचते. अशा वेळीं वर कोणी गरम पाण्याची तोटी उघडली कीं पाणी येण्याऐवजीं तोटीच हवा आंत ओढते, आणि गीझरमधलें पाणी उलट्या वाटेनें खालीं अंगणांतल्या बादलींत जातें. पुढें पंप लागतो, टांकी भरते, गीझरमध्यें तळाकडून पाणी चढतें, आणि माथ्याशीं कोंडलेली लिटरांनीं मोजावी इतकी हवा पुढच्या माणसाच्या अंगावर सपकारे उडवीत बाहेर पडते. टांकी रोज तळाला लागत नाहीं, म्हणून हें रोज घडत नाहीं. अंगणांतल्या तोटीला आपोआप कोमट पाणी आल्याचें कोणाच्या लक्षांत आलें होतें काय, हें घरांत विचारून पाहावें.

याची परीक्षा घरच्या घरीं होते. गीझरचें बटण आदल्या रात्रीं बंद करून पाणी निवूं द्यावें. मग गच्चीवरील टांकीची चावी बंद करावी, वरच्या मजल्यावरील गार पाण्याच्या सर्व तोट्या घट्ट बंद कराव्या, आणि अंगणांतील तोटी पूर्ण उघडावी. आतां वर गरम पाण्याची तोटी उघडून तिच्या तोंडाशीं पातळ कागदाचा कपटा धरावा. कपटा तोटीला चिकटला व सूं असा आवाज आला म्हणजे निदान पक्कें झालें. या परीक्षेंत गीझर रिकामा होतो. म्हणून टांकीची चावी पुन्हा उघडून गरम तोटीला अखंड धार लागेपर्यंत विजेला हात लावूं नये.

हें आम्ही इतकें आग्रहानें सांगतों याचें कारण सपकारे हा या दुखण्यांतला लहान भाग आहे. गीझरमधलें पाणी उतरून कॉईल उघडी पडली आणि बटण चालूच राहिलें तर कॉईल लाल होते. तिच्यावरील धातूच्या आवरणाला चीर पडली कीं वीज पाण्यांत उतरण्याची वाट मोकळी होते, आणि त्याच पाण्याखालीं कोणीतरी ओल्या अंगानें उभें असतें. घराचें अर्थिंग नीट असलें आणि गळती होतांच वीज तोडणारें बटण बसविलेलें असलें तर जीव वाचतो. या दोन्ही गोष्टी गीझर घेतांना तपासून घ्याव्या. पण त्या आहेत म्हणून झडपेवांचून चालवावें असें नाहीं. या भगिनींनीं हें वाचतांक्षणीं गीझरचें बटण बंद करावें व नवी झडप बसेपर्यंत स्नानाचें पाणी चुलीवर तापवावें, असें आमचें स्पष्ट सांगणें आहे.

झडप नवी घ्यावी. तिच्या अंगावर बाण असतो, त्याचें टोंक गीझरकडे असावें. झडप व गीझर यांच्यामध्यें दुसरी चावी बसवूं देऊं नये. थेंब पडण्याच्या तोंडाला एक बारीक नळी जोडून ती उतरती मोरीपर्यंत न्यावी व तिचें टोंक उघडें ठेवावें; म्हणजे टपटप कोणाच्या कानीं पडणार नाहीं. त्या तोंडांत लांकडाची खुंटी ठोकणारे आम्हीं पाहिले आहेत. झडप काढण्यापेक्षांहि तें वाईट, कारण मग वाढलेल्या दाबाला मागची वाटहि नाहीं व पुढचीहि नाहीं. पुढेंमागें घराची दुरुस्ती निघेल तेव्हां गीझरसाठीं टांकीपासून स्वतंत्र नळ घ्यावा, आणि टांकीच्या चावीपुढें एक उभी उघडी नळी पाण्याच्या पातळीहून उंच काढून ठेवावी. म्हणजे ओढ लागली तरी हवा तेथून घेतली जाते, न्हाणीघरांतून नव्हे. तो नळ मध्येंच उंचावून पुन्हा खालीं उतरलेला नसावा, कारण अशा उंचवट्यांत हवा अडकून बसते आणि टांकी फार उंचावर नसली तर पाण्याला तिला ढकलून पुढें जाणें जड जातें.

पत्रांतला प्रश्न येथें संपला; पण फुरफुरीचीं आणखी दोन कारणें आहेत. तीं क्वचित् आढळतात, पण तीं ओळखतां आलींच पाहिजेत.

पहिलें वाफेचें. ज्या यंत्राला आपण गीझर म्हणतों त्याचें नांव आइसलंडांतील एका उष्णोदकाच्या कारंजावरून आलें आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉगन यानें इ. स. १८६८ मध्यें गॅसवर पाणी तापविण्याचें यंत्र काढलें व त्याला तें नांव दिलें. मूळ गीझर कां उसळतो याचा शोध त्यापूर्वींच, इ. स. १८४६ मध्यें, जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन यानें तेथें जाऊन घेतला होता. शाळेंतल्या मुलांना ज्याचा बर्नर माहीत असतो तोच हा; वायू पाण्यांत किती विरघळतात याचीं मापेंहि त्यानें पुढें घेतलीं. त्याला असें आढळलें कीं, खोल विवरांतील पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेलें असतें, पण वरच्या पाण्याच्या भारामुळें तें उकळूं शकत नाहीं. वरचा भार थोडा हलका झाला कीं त्याची एकदम वाफ होते व सारें पाणी आकाशांत उडतें. न्हाणीघरांतला थर्मोस्टॅट बिघडून कॉईल बंदच होईनाशी झाली तर हाच प्रकार भिंतीवर होतो. हवेच्या दाबापेक्षां एक किलो अधिक दाब असला तर पाणी १२० अंशांपर्यंत न उकळतां तापतें. आणि तोटी उघडल्यानें दाब उतरला कीं त्यांतील कांहीं भागाची तेथल्या तेथें वाफ होते. लक्षणें अशीं : गीझरचा दिवा विझतच नाहीं, आंतून गडगड ऐकूं येते, आणि तोटींतून फुरफुरीबरोबर वाफेचे लोट निघतात. झडप नसलेल्या गीझरांत गार पाण्याची तोटीहि गरम लागते. असें दिसतांच तोटीला हात न लावतां बाहेरचें मुख्य बटण बंद करावें, न्हाणीघराचें दार ओढून घ्यावें, आणि गीझर कांहीं तास निवूं द्यावा. नंतरच तज्ज्ञाला दाखवावा.

दुसरें कारण हायड्रोजन वायूचें. पोलादी पिंप गंजूं नये म्हणून पुष्कळ गीझरांत मॅग्नेशियमची एक कांडी ठेवलेली असते. ती स्वतः झिजते व पिंप वांचविते. ही युक्ति हम्फ्री डेव्ही यानें इ. स. १८२४ मध्यें ब्रिटिश आरमाराच्या जहाजांसाठीं सुचविली. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा जस्ताच्या किंवा लोखंडाच्या तुकड्यानें झिजेंतून वांचला खरा. पण न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले व शेवाळ इतकें माजलें कीं आरमारानें तो नाद सोडून दिला. घरच्या पिंपांत शिंपल्यांची भीति नाहीं, म्हणून तेथें ती युक्ति टिकली. मात्र ही कांडी झिजतांना थोडा हायड्रोजन सुटतो. रोजच्या वापरांत तो पाण्याबरोबर निघून जातो व कळतहि नाहीं. पण मे महिन्यांत सारें घर गांवीं गेलें आणि गीझर दोन आठवडे किंवा अधिक न वापरतां राहिला तर तो माथ्याशीं सांचतो. परत आल्यावर पहिल्यांदा तोटी उघडली कीं नुसत्या हवेसारखा सूं आवाज येतो. या वायूला वास नाहीं, रंग नाहीं, आणि तो पेट घेतो. म्हणून अशा वेळीं खिडक्या उघडाव्या, शेगडी, निरांजन, उदबत्ती कांहीं जवळ नसावें, आणि गरम तोटी कांहीं मिनिटें वाहूं द्यावी. काडी ओढून परीक्षा पाहण्याचा मोह कोणा विद्यार्थ्याला झाला तर त्याला आवरावें.

राहतां राहिला सासूबाईंचा आग्रह. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. बंबाचें वरचें तोंड उघडें असतें, त्यावर झांकण नुसतें ठेवलेलें असतें; पाणी फुगलें तर वर चढतें, वाफ झाली तर झांकणाखालून निघून जाते. दाब सांचण्यास तेथें जागाच नाहीं, म्हणून त्याला झडप लागत नाहीं. गीझर चारी बाजूंनीं बंद असतो, म्हणून त्याला ती लागते. हें सासूबाईंना समजावून सांगितलें तर टपटपीचा राग राहणार नाहीं, असें वाटतें. बंब मात्र मोडींत घालूं नये. घांसूनपुसून ठेवावा, वीज नसेल त्या दिवशीं आणि दिवाळीच्या अभ्यंगाला त्याच्यासारखें दुसरें कांहीं नाहीं.

मुलाविषयीं एक. साठ अंशांचें पाणी कोवळ्या कातडीला कांहीं सेकंदांतच भाजतें. झडप बसल्यावरहि कांहीं दिवस त्याला तोटीखालीं उभें करूं नये. त्याला न्हाणीघरांत आणण्यापूर्वीं पाणी बादलींत काढून, विसण घालून, स्वतःच्या कोपरानें पाहावें. तोटी त्याच्यासमोर उघडूंच नये, म्हणजे भीतिहि हळूहळू जाईल.

झडप बसविल्यावर आठ दिवसांनीं कागदाच्या कपट्याची परीक्षा पुन्हा करावी व काय आढळलें तें आम्हांस कळवावें. टांकी कोणत्या दिवशीं व किती वाजतां तळाला लागते याची टिपणीहि सोबत पाठवावी. अकरा माणसांना टांकी केवढी असावी, याविषयीं पुढील अंकीं लिहिण्याचा विचार आहे.